पूर ओसरल्यावरही गल्ली बंद: कोणाच्या सहीने आणि किती दिवस?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खानदेशात तालुक्याच्या गावी नदीकाठच्या पेठेत तुमचं बी-बियाणं, खतं आणि औषधांचं दुकान आहे. पाणी उतरून नऊ दिवस झाले, तरी गल्लीच्या दोन्ही तोंडांना दोर बांधून पोलीस उभे आहेत. कागद मागितला तर 'साहेबांचा आदेश आहे' एवढंच उत्तर मिळतं. आत माल कुजतोय, विम्याचा सर्व्हेअर दोरापासूनच परत गेला, आणि समोरच्या एका व्यापाऱ्याला मात्र काल आत सोडलं. सरकारला एवढा अधिकार आहे का, असला तर किती दिवस, आणि दोर ओलांडला तर काय होईल?

अधिकार आहे, आणि तो कच्चा नाही. मात्र पूर चढत असताना गल्ली रिकामी करणं आणि नवव्या दिवशी दुकानमालकाला बाहेर ठेवणं, ही दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत. पहिल्या रात्री कारणं विचारायला कोणाला सवड नसते. नवव्या दिवशी कारण सांगावं लागतं, आणि ते कागदावर असावं लागतं. दोरापाशी 'मनं दुकान शे भाऊ' (माझं दुकान आहे भाऊ) म्हणत शिपायाशी हुज्जत घालून काही निघत नाही, कारण त्याच्या हातात काही नसतं. आत आज नेमका कोणता धोका उरलाय, हे अधिकाऱ्याकडून लेखी काढून घ्या. बाकीच्या गाठी त्यातून सुटतात.

तीन गोष्टींवर उत्तर बदलतं: आदेश कोणत्या कलमाखाली आहे, तुमची आणि शेजारची इमारत पक्की आहे की माती-विटांची, आणि वरच्या धरणातून पाणी सोडणं अजून चालू आहे का. म्हणून खाली प्रत्येकाची वेगळी वाट सांगतो.

सुरुवात कायद्यापासून. पुरानंतरच्या बंदीचा मुख्य आधार म्हणजे आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. कलम ३४ मध्ये प्राधिकरणाला काय काय करता येतं याची यादीच दिली आहे. खंड बी प्रमाणे बाधित भागाकडे येणारी-जाणारी आणि आतली वाहतूक रोखता येते. खंड सी प्रमाणे कोणत्याही माणसाचा आत प्रवेश, आतलं फिरणं आणि बाहेर पडणं यांवर बंधन घालता येतं. खंड के प्रमाणे लोकांना धोकादायक ठरणारं बांधकाम पाडताही येतं. घाईची वेळ असेल तर कलम २६ नुसार अध्यक्ष एकटे प्राधिकरणाचे अधिकार वापरू शकतात, फक्त नंतर प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी लागते. त्यामुळे 'बैठक न घेताच आदेश काढला' हा मुद्दा सहसा टिकत नाही.

'पूर संपला म्हणजे कायदाही संपला' हा युक्तिवादही टिकत नाही. कलम २ मधल्या 'आपत्ती व्यवस्थापन' या शब्दाच्या व्याख्येत पुनर्वसन आणि पुनर्बांधणीसुद्धा येते. पण कलम ३४ नीट वाचलं तर सुरुवातीलाच उद्देश लिहिलेला दिसतो: आपत्ती किंवा तिचा धोका असताना लोकांना मदत, संरक्षण किंवा दिलासा देण्यासाठी हे अधिकार आहेत. या कलमात दिवसांची मर्यादा नाही. म्हणून बंदी किती दिवस चालेल, याचं माप त्या उद्देशातूनच काढावं लागतं. गल्लीत मलबा उचलणारे जेसीबी चालू असतील, भिंती उतरवणं चालू असेल, तर उद्देश जिवंत आहे. सगळं शांत आहे आणि दोर तेवढा राहून गेलाय, असं असेल तर आदेश तिथे दुबळा होतो.

दुसरा रस्ता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. हे म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १४४. १ जुलै २०२४ पासून क्रमांक बदलला. इथे जिल्हाधिकारी जिल्हादंडाधिकारी म्हणून सही करतात. उपविभागीय दंडाधिकारीही करू शकतात. तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी असले, तरी या कलमाखाली आदेश काढायला त्यांना शासनाने खास अधिकार दिलेला असावा लागतो. या आदेशाची कमाल मुदत दोन महिने. राज्य शासनाला ती आणखी जास्तीत जास्त सहा महिने वाढवता येते. दोन महिने ही वरची हद्द आहे, प्रत्येक आदेश दोन महिन्यांचाच काढावा असं कोणी सांगितलेलं नाही. कचेरीत मात्र जुना मसुदा उघडून तारीख तेवढी बदलायची सवय असते, आणि मग साठ दिवसांची बंदी सहज पडते. काश्मीरमधल्या बंदीबद्दलच्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केलं की १४४ चे आदेश कारणांसह असावेत, ते प्रसिद्ध व्हावेत, आणि तेच ते आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर ठरेल. कलमाचा क्रमांक बदलला, ही तत्त्वं बदललेली नाहीत.

गाड्या अडवण्यासाठी मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ११५ वापरतात. रस्ता किंवा पूल नाजूक झाला असेल तर काही प्रकारच्या वाहनांना बंदी घालता येते. ही बंदी एक महिन्यापर्यंतची असेल तर राजपत्रात छापायची गरज नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली तरी चालतं. त्यापुढे राजपत्रात अधिसूचना लागते. या कलमाने वाहन अडतं, पायी जाणारा माणूस अडत नाही. तुमच्या गल्लीच्या आदेशात एकटं ११५ लिहिलेलं असेल तर हातात पिशवी घेऊन आत जाण्याला त्या आदेशाची आडकाठी नाही. तरी दोरापाशी वाद न घालता हे लेखी निदर्शनाला आणा, कारण दुसऱ्याच दिवशी योग्य कलमाचा आदेश निघू शकतो.

एकेका इमारतीसाठी वेगळा कायदा आहे. नगरपरिषद असेल तर १९६५ च्या अधिनियमाचं कलम १९५, जळगाव-धुळ्यासारखी महानगरपालिका असेल तर १९४९ च्या अधिनियमाची कलमं २६४ आणि २६८. पडायला आलेलं बांधकाम दुरुस्त करा, उतरवा किंवा रिकामं करा, अशी नोटीस याखाली मालकाला निघते. तुमच्या प्रकरणात हीच कलमं पुढे सगळ्यात कामाची ठरणार आहेत, ते खाली सांगतो.

काही आदेश चुकीच्या कलमाखालीही निघतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ हे शस्त्रं, घोषणा, जमाव आणि मिरवणुकीसाठी आहे. जमावबंदीची त्यातली मुदत शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपुढे जात नाही. त्याखाली दुकानमालकाला स्वतःच्या दुकानात जाण्यापासून रोखता येत नाही. आणि ग्रामपंचायतीने ठराव करून 'बाहेरच्यांना गावबंदी' असा फलक लावला, तर त्याला कायद्याचं पाठबळ नाही. सरपंचांनी फार तर तहसीलदारांकडे मागणी करावी. पुरानंतर बघ्यांची गर्दी आवरायला गावकरी असं करतात. हेतू चांगला असतो, पण शेजारच्या गावच्या शेतकऱ्याचं रान त्याच शिवारात असलं की भांडण ठरलेलं.

कागद हातात नसला म्हणून पोलिसाचं तोंडी सांगणं मात्र बेकायदा होत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ प्रमाणे कर्तव्य बजावताना पोलिसाने दिलेली वाजवी सूचना पाळणं बंधनकारक आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ मध्येही अशीच तरतूद आहे, आणि न ऐकणाऱ्याला तिथून हलवण्याचा, दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याचा किंवा किरकोळ प्रकरणात २४ तासांच्या आत सोडून देण्याचा अधिकार पोलिसाला आहे. पहिल्या काही तासांचं काम त्यावर चालतं. नऊ दिवस मात्र तोंडी सूचनेवर काढता येत नाहीत.

म्हणून पहिलं काम: आदेशाची प्रत मिळवा. तहसील कचेरी, नगरपरिषदेचे मुख्याधिकारी आणि पोलीस ठाणे, तिघांकडे विचारा, कारण प्रत बहुधा तिन्हीकडे गेलेली असते. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांकही आहे. प्रत हातात आली की वरपासून नीट वाचा. जावक क्रमांक आणि तारीख-वेळ आहे का? सही कोणाची, आणि सहीखाली पदनाम कोणतं? 'जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण' असेल तर कलम ३४. 'जिल्हादंडाधिकारी' असेल तर १६३. तहसीलदारांचं नुसतं पत्र असेल, तर त्यात वरच्या कोणत्या आदेशाचा क्रमांक दिलाय ते बघा. कलम २६ प्रमाणे प्राधिकरण आपले अधिकार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला लेखी सोपवू शकतं, आणि तो अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या खालचा नसतो. तहसीलदारांचं काम अंमलबजावणीचं. त्यांच्या पत्राला वरचा आधार नसेल, तर तुमच्या अर्जातला पहिला मुद्दा तोच.

त्यानंतर हद्द. 'नदीकाठचा परिसर' असं मोघम लिहिलेलं असतं तेव्हा शिपाई आपल्या सोयीने दोर बांधतो, आणि बंदीत नसलेली चार घरं आत जातात. चांगल्या आदेशात चतुःसीमा असते: पुलापासून अमुक चौकापर्यंत, मालमत्ता क्रमांक इतके ते इतके. मग मुदत, आणि शेवटी कोणाला सूट आहे ते. सूट बहुतेक रुग्णवाहिका, महावितरण, पाणीपुरवठा, सफाई कामगार आणि पंचनाम्याचं पथक यांना असते. विमा सर्व्हेअरचं नाव त्यात क्वचित असतं. कारण साधं आहे, मसुदा करणाऱ्याच्या डोक्यात तो येतच नाही. मागितलं तर बहुधा मिळतं.

आता धोक्याकडे वळू, कारण अधिकाऱ्याचं खरं डोकं तिथे असतं आणि मालकाचं नसतं. पाणी उतरलं, ऊन पडलं, की आपल्याला वाटतं निभावलं. आपल्याकडच्या जुन्या पेठांमध्ये उलट घडतं. धाब्याच्या घराचं छत म्हणजे कड्या, पाट्या आणि त्यावर मातीचा नि खारीचा (खाऱ्या मातीचा) जाड थर. तो थर पाणी पिऊन कितीतरी जड होतो, आणि खालची मातीची भिंत तळाशी दोन-तीन फूट भिजून मऊ झालेली असते. पाणी भरलेलं असताना बाहेरच्या पाण्याचाच भिंतीला थोडा टेकू असतो. पाणी भराभर उतरलं की टेकू जातो, आतली ओल तशीच राहते. पुढे ऊन लागलं की भिंत बाहेरून वाळते, आकसते, सुटते. जोत्याखालची काळी माती भिजून फुगलेली असते, ती वाळताना आक्रसून खाली बसते आणि जोतं एका बाजूला कलतं. म्हणून भिंती पुराच्या दिवशीच नव्हे, नंतरच्या उघडीपीतही पडतात. काल नीट लागणारं दार आज अडतंय, नाणं आत जाईल एवढी नवी भेग वरच्या अंगाला रुंद होत चाललीय, भिंतीला पोट आलंय, ही लक्षणं दिसली तर आत पाय टाकू नका. मग तुमच्याकडे कोणाचाही पास असो. तुमचं दुकान आरसीसी असेल आणि दोन्ही बाजूंना धाबं असेल, तरी धोका तुमच्याच ओट्यावर पडणार.

दुसरा धोका विजेचा. खांबावरून वीज बंद असली तरी शेजारच्या इन्व्हर्टर किंवा जनरेटरमधून उलटा प्रवाह ओल्या वायरिंगमध्ये येऊ शकतो. म्हणून महावितरणने डीपीपासून जोडणी तोडल्याचं आणि मीटर तपासल्याचं लेखी कळवल्याशिवाय शहाणा अधिकारी पास देत नाही. यात उशीर तहसीलचा नसून महावितरणच्या पत्राचा असतो, असं पुष्कळदा निघतं. तेव्हा उपअभियंत्याकडे पाठपुरावा करणं जास्त कामाचं.

तिसरा पुलाचा. पुरात पुलाच्या पायाजवळची माती खरवडून जाते, आणि पाणी उतरताना त्याच खड्ड्यात गाळ भरतो. वरून बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसतं, पण त्या गाळाला ताकद नसते. म्हणून सार्वजनिक बांधकामचा अभियंता पाया आणि जोडरस्त्याचा भराव बघेपर्यंत पूल बंद ठेवतात. दुचाक्या सोडल्या आणि ट्रक अडवले तर त्यात भेदभाव नाही. पुलाला भारी पडतं ते ट्रकच्या धुरेवरचं ओझं.

चौथा धोका आभाळात दिसत नाही. तुमचं गाव तापीकाठी असेल तर जळगावचं आकाश कोरडं असूनही बंदी वाढू शकते. हतनूर धरणाला पाणी येतं ते मध्य प्रदेशातून आणि पूर्णेवाटे विदर्भातून. तिकडे पाऊस झाला की हतनूरच्या ४१ पैकी काही दरवाजे उघडतात आणि खालच्या गावांना पुन्हा इशारा जातो. पांझरेचं गणित अक्कलपाडा धरणावर, आणि गिरणेचं नाशिक जिल्ह्यातल्या वरच्या धरणांवर व गिरणा धरणाच्या विसर्गावर असतं. 'आमच्याकडे थेंब नाही' असं अर्जात लिहू नका. पाटबंधारे विभागाचा ताजा विसर्ग विचारून तो आकडा लिहा.

आणि तुमच्या दुकानापुरता एक धोका वेगळाच आहे. कृषी केंद्रात किंवा धान्याच्या गोदामात धान्यातली कीड मारायच्या ॲल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या असतील तर त्या पाण्याशी आल्या की फॉस्फीन वायू सुटतो. तो विषारी आहे, आणि पेटही घेऊ शकतो. बंद शटरच्या आत तो साठून राहतो. भिजलेली कीटकनाशकं एकमेकांत मिसळलेली असतात ती वेगळीच. असा साठा तुमच्याकडे असेल तर लपवू नका. परवान्याच्या भीतीने लोक ते सांगत नाहीत, आणि मग शटर उचलणारा हमाल बळी पडतो. अर्जातच लिहा, अग्निशमन दलाचा माणूस मागा, शटर उघडून सगळे वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला मागे सरका, आणि आत दिवा-काडी किंवा विजेचं बटन काहीही लावू नका. ओल्या गोळ्यांवर पाणी मारून त्या 'धुऊन' काढायचा प्रयत्न तर मुळीच नको.

आता मागणी कशी करायची ते. 'बंदी उठवा' असा सरसकट अर्ज दिला की अधिकाऱ्याला एकच उत्तर सुचतं: नाही. कारण उद्या भिंत पडली तर त्याची सही वर येते. त्याऐवजी त्याला सही करता येईल असं काहीतरी द्या. मजकूर साधारण असा असावा:

'मालमत्ता क्रमांक अमुक येथील माझे दुकान आपल्या दिनांक अमुकच्या, जावक क्रमांक अमुक आदेशाने बंद क्षेत्रात आले आहे. इमारत आरसीसी असून लगतच्या मालमत्ता क्रमांक अमुक व अमुक येथील भिंती मातीच्या आहेत. विमा सर्व्हेअरसह तीन व्यक्तींना दिनांक अमुक रोजी सकाळी १० ते १२ या वेळेत, नगरपरिषदेचा कर्मचारी सोबत असताना, पाहणी, छायाचित्रे व खराब माल बाहेर काढण्यासाठी प्रवेश मिळावा. वीजजोडणी बंद असल्याची खात्री महावितरणकडून करून घ्यावी. दुकानात अमुक कीटकनाशकांचा साठा आहे. परवानगी देता येत नसल्यास आज कोणता धोका शिल्लक आहे व तो कोणत्या कामानंतर संपेल, हे लेखी कळवावे.'

या शेवटच्या वाक्यात अर्जाचं सगळं वजन आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्येच, प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित माणसाला द्यावीत असं म्हटलंय. त्याचा एका ओळीत उल्लेख करा. माहिती अधिकाराचा वेगळा अर्ज टाकून तीस दिवस थांबण्यात आज अर्थ नाही. अर्ज तहसीलदारांना, प्रती मुख्याधिकारी आणि पोलीस ठाण्याला. आवक टेबलावर शिक्का आणि क्रमांकासह पोच घ्या. 'साहेबांना व्हॉट्सॲप केलंय' याला पुढे कोणी विचारत नाही. 'माझ्या जबाबदारीवर जातो' असं हमीपत्र लोक आपणहून देतात. ते जोडायला हरकत नाही, पण त्याने अधिकाऱ्याची जबाबदारी संपत नाही, हे त्यालाही माहीत असतं. त्यामुळे हमीपत्रापेक्षा वेळ, माणसं आणि सोबत यांची अट जास्त उपयोगी पडते.

याच्याच जोडीला पेठेतल्या सगळ्यांनी मिळून दुसरी मागणी करा: गल्लीची बंदी इमारतींवर आणा. नगरपरिषदेच्या आणि बांधकामच्या अभियंत्यांनी घरं बघून तीन भाग पाडावेत. काही घरं पूर्ण बंद, काही पासवर, बाकी खुली. जी सात-आठ घरं खरोखर पडायला आलीत त्यांच्या मालकांना कलम १९५ च्या नोटिसा काढाव्यात, त्यांच्यापुढे पत्रे उभे करावेत, आणि उरलेल्या गल्लीचा दोर सोडावा. पुरानंतरच्या बंदीचा योग्य प्रवास असाच असतो: आधी सगळी पेठ, मग गल्ली, मग ठरावीक घरं. नवव्या दिवशीही ती पहिल्या दिवसाएवढीच रुंद असेल, तर पाहणीच झालेली नाही असं समजायचं. आणि पाहणी न होणं हे बंदीचं कारण होऊ शकत नाही.

समोरच्या व्यापाऱ्याला सोडलं म्हणता. कदाचित त्याच्याकडे पास असेल, कदाचित नसेल. आरोप करू नका. 'अमुक तारखेला अमुक मालमत्तेत प्रवेश दिल्याचे दिसते, त्याच अटींवर मलाही द्यावा' एवढंच लिहा. मदत आणि दिलासा देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करू नये असं आपत्ती कायद्याचं कलम ६१ सांगतं. ओळखीपाळखीचा भेदभाव त्यात थेट बसत नाही, पण राज्यघटनेतलं समानतेचं कलम १४ आहेच.

नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर? आदेश १६३ खाली असेल तर त्याच कलमात सोय आहे: बाधित माणूस आदेश बदलण्यासाठी किंवा रद्द करण्यासाठी अर्ज करू शकतो. तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि अर्ज फेटाळला तर कारणं लेखी द्यावी लागतात. आदेश आपत्ती कायद्याखाली असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन द्या. दिवाणी न्यायालयात मनाईसाठी धावू नका. कलम ७१ ने उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाखेरीज इतर न्यायालयांना यात हात घालायला बंदी आहे. मग राहतं उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्याच्याकडेच. तिथे 'मला आत जाऊ द्या' पेक्षा 'धोका काय ते सांगत नाहीत, अर्जावर निर्णय देत नाहीत' ही बाजू भक्कम पडते, आणि ती उभी राहते पोच घेतलेल्या अर्जावरच.

दोर ओलांडलात तर काय, तेही सांगतो. आपत्ती कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे वाजवी कारणाशिवाय निर्देश धुडकावले तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्यातून जीवितहानी झाली किंवा तसा धोका उभा राहिला तर दोन वर्षांपर्यंत. याची दखल न्यायालय घेतं ती प्राधिकरणाच्या, शासनाच्या किंवा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवर. खासगी माणसाला आधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं १८८: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, आणि जिवाला धोका झाला असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. त्यासाठीही संबंधित अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. दुकानदाराला प्रत्यक्ष शिक्षेपेक्षा दुसरीच गोष्ट महाग पडते. बंद क्षेत्रात विनापरवाना जाऊन माल हलवला, तर विमा कंपनी मालाची मूळ स्थिती बदलल्याचा मुद्दा काढते.

शेतकऱ्यांसाठी थोडं, कारण अशाच बंदीबद्दल तेही विचारत असतात. नदीपलीकडे रान असेल आणि फरशी पूल बंद असेल तर वरचंच सगळं लागू. पण पुराचं निमित्त करून शेजाऱ्याने पाणंद रस्त्यावर काटे टाकले, तर ती आपत्तीतली बंदी नव्हे. त्यासाठी मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा टाका, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. गौताळा-औट्रमघाट किंवा यावल अभयारण्याच्या हद्दीतला रस्ता असेल तर अधिकार वनविभागाचा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे तिथला प्रवेश एरवीही बंधनातलाच असतो. पाटणादेवीची वाट पावसाळ्यात बंद झाली तर तहसीलपेक्षा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे विचारा.

घाटांचं तर वेगळंच असतं. कन्नडचा औट्रम घाट ३१ ऑगस्ट २०२१ ला दरडी कोसळून बंद पडला, त्याच दिवशी खाली चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्यांचा पूर होता. पाऊस थांबल्यावरही दोन-तीन दिवस सुटे दगड येत राहतात, आणि रस्त्याच्या दरीकडच्या कडेला समांतर भेग दिसली तर रस्ताच खचायला निघालाय असं समजतात. तिथे लवकर उघडण्याचा आग्रह धरू नये. आदेशात पर्यायी मार्ग आणि रुग्णवाहिकेची व्यवस्था लिहायला लावावी एवढाच आग्रह धरावा. नंदुरबार जिल्ह्यातला चांदसैली घाट बंद झाला की धडगावच्या रुग्णाला दुरून फेरा पडतो, आणि आदेशात त्याबद्दल एक ओळ नसणं ही खरी चूक.

धंदा बुडाल्याची भरपाई या बंदीपोटी मिळत नाही, तशी तरतूद नाही. पण तुमचं गोदाम निवाऱ्यासाठी किंवा तुमचा ट्रॅक्टर, जेसीबी कामासाठी लेखी आदेशाने ताब्यात घेतला असेल तर आपत्ती कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे मोबदला मिळतो: जागेला त्या भागातलं भाडं, वाहनाला तिथला चालू दर. रक्कम पटली नाही तर तीस दिवसांच्या आत लवादाकडे पाठवण्याची मागणी करता येते. तोंडी बोलावलेल्या जेसीबीची नोंद राहत नाही. म्हणून आदेश, तास आणि डिझेल यांचा हिशेब त्याच दिवशी सही घेऊन ठेवा.

विम्याच्या बाबतीत आजच करायचं ते असं. कंपनीला ईमेलने नुकसानीची सूचना द्या आणि आदेशाची प्रत जोडा, म्हणजे पाहणीला उशीर तुमच्यामुळे झाला नाही हे नोंदीवर येईल. दोराबाहेरून भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो तारखेसह काढा. ऊन लागलं की ती रेषा फिकी होते. पंचनाम्याचं पथक आत जाईल तेव्हा तुम्हाला बोलवावं असं लिहून द्या. शेवटी दोर सुटेल त्या दिवशी बंदी उठल्याचा कागदही मागा. तो बहुतेकदा निघतच नाही, शिपाई नुसता दोर गुंडाळून जातो. मग दुकान कोणत्या तारखेपर्यंत तुमच्या ताब्याबाहेर होतं हे सिद्ध करायला तुमच्याकडे काहीच उरत नाही. कागद निघत नसेल तर त्याच दिवशी तहसीलदारांना दोन ओळींचं पत्र द्या, 'आज अमुक वाजता प्रवेश खुला झाला', आणि त्यावर आवक शिक्का घ्या.